पर्शियन मांजर आणण्याआधी

ताई, फोटो बघून पिल्लू बुक करू नका. आधी पर्शियन असलेल्या घरी दोन-तीनदा जाऊन बसा, शक्यतो एप्रिलमध्ये. नाशिकचा पारा ४०कडे सरकला की चपट्या नाकाच्या मांजरीचे हाल कळतात. तिथे कंगवाही हातात घ्या. काखेत, पोटाखाली गुंता होतो. वरवर फिरवून भागत नाही, रोज मुळापासून विंचरावं लागतं. माझ्या पहिलीला शेवटी मशीनने भादरलं, आठवडाभर पाठ करून बसली होती! डोळ्यांतलं पाणीही रोज पुसायचं.

पिल्लू घेताना:
- १२ आठवड्यांच्या आतलं नको.
- आई दाखवायला टाळाटाळ केली तर उठा.
- आई-बापाची पीकेडी तपासणी मागा. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होणारा हा आजार आनुवंशिक आहे.

रंग, शो वगैरे नंतर बघू.