‘मार्कर बीकन’मध्ये दीपस्तंभ कुठून आला?

प्रश्न असा आहे: छोट्या विमानातल्या उपकरणांची माहितीपुस्तिका मराठीत करताना ‘ऑडिओ कंट्रोल पॅनेल विथ मार्कर बीकन रिसीव्हर’ याचे ‘चिन्हक दीपस्तंभ प्राप्तकर्त्यासह ध्वनी नियंत्रण पटल’ असे केले, तर चालेल का?

माझ्या मते नाही. आधी दीपस्तंभ पाडू.

बीकनचा मूळ अर्थ दिवा नव्हेच. जुन्या इंग्रजीत त्याचा पूर्वज ‘खूण, इशारा’ याच अर्थाने येतो. डोंगरावर पेटवलेला इशाऱ्याचा जाळ, दीपगृह वगैरे अर्थ नंतर चिकटले. हाताने खूण करून जवळ बोलावणे या अर्थाचे ‘बेकन’ हे क्रियापद (न्याहारीतले बेकन वेगळे!) त्याच घराण्यातले. आपल्याकडची खूण आणि खुणावणे ही जोडी आठवा, नाते अगदी तसेच आहे. मार्कर म्हणजेही खूणच. तेव्हा ‘मार्कर बीकन’ शब्दशः केले तर ‘खुणेची खूण’ होईल. त्यातली एक खूण खुशाल गाळावी.

वस्तू काय आहे तेही पाहू. धावपट्टीच्या अलीकडे, उतरत्या विमानाच्या वाटेवर, जमिनीवर एक छोटा प्रक्षेपक असतो. तो ७५ मेगाहर्ट्झवर सरळ वर लहरी सोडतो. विमान त्याच्या डोक्यावरून जाते तेवढे काही सेकंदच तो ऐकू येतो. दिशा सांगणे हे त्याचे काम नाही. ‘इथवर आलात’ एवढेच तो सांगतो, मैलाच्या दगडासारखा. बाहेरचा मार्कर साधारण सात किलोमीटरवर: ४०० हर्ट्झचा खर्जातला ‘डाऽ डाऽ डाऽ’. मधला सुमारे एक किलोमीटरवर: १३०० हर्ट्झचा ‘डिट्-डाऽ, डिट्-डाऽ’. आतला पट्टीच्या अगदी तोंडाशी: ३००० हर्ट्झची घाईची ‘टिटिटिटि’. हा आतला सगळीकडे नसतो, आणि आता बाकीचेही बऱ्याच ठिकाणी काढून टाकले जात आहेत. डीएमई (जमिनीवरच्या केंद्रापासूनचे अंतर सांगणारे उपकरण) आणि जीपीएस आल्यावर त्यांची फारशी गरज उरली नाही.

गंमत म्हणजे दिवा आहे, पण तो खाली जमिनीवर नाही, कॉकपिटमध्ये आहे. बाहेरच्याला निळा, मधल्याला पिवळा, आतल्याला पांढरा. दीपस्तंभ लिहिले तर वाचक तो खिडकीबाहेर शोधेल.

‘प्राप्तकर्ता’ म्हटले की मनीऑर्डर घेणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. यंत्रासाठी ‘ग्राही’ आहे, नाहीतर सरळ रिसीव्हर.

आता ‘ध्वनी नियंत्रण’. हे वाचून कुणालाही गणपतीतले डीजे आणि डेसिबल आठवतील. शिवाय या पॅनेलचे मुख्य काम आवाज लहानमोठा करणे हे नाहीच, निवड करणे हे आहे. दोन कॉम (बोलण्याचे) रेडिओ, दोन नॅव्ह (मार्ग दाखवणारे) रेडिओ, डीएमई, मार्कर, इंटरकॉम, सगळ्यांचे आवाज एका हेडसेटमध्ये येतात. ऐकायला हवे तितके एकदम लावा. बोलायला मात्र सहसा एकच कॉम निवडायचा. मार्करचा रिसीव्हर बहुतेकदा याच डब्यात बसवलेला असतो, म्हणून पुस्तिकेत दोन्ही नावे एकत्र येतात. मराठीच हवे असेल तर ‘ध्वनिनिवड फलक’ म्हणा. मी ‘ऑडिओ पॅनेल’ ठेवीन आणि पहिल्या उल्लेखाला अर्धी ओळ खुलासा देईन. ‘मार्कर वाजला’ हे मराठी कानाला मुळीच खटकत नाही. ‘चिन्हक निनादला’ कोण म्हणणार?

शीर्षकात म्हणून एवढे पुरे: ‘मार्कर रिसीव्हरसह ऑडिओ पॅनेल’.

बटणांवरची अक्षरे मात्र भाषांतरित करू नका. वैमानिकाला समोर तीच दिसणार आहेत. आणि एक सापळा आहे: जुन्या पॅनेलांवर पांढऱ्या दिव्याशेजारी इनरचा ‘आय’ नसून ‘ए’ असतो. तो ‘एअरवे’चा, कारण पूर्वी हवाई मार्गांवरच्या मार्करनाही हाच दिवा लागायचा. तिथे ‘आतला’ लिहून मोकळे होऊ नका.