माया आटली नाही, ताई

"हल्ली एखाद्या आजीने हाक मारली की डोक्यात तिडीक जाते. पूर्वी मी अशी नव्हते. माझी माया आटली का हो, मॅडम?"

जुळे सोलापुरात माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका ताईंचा हा प्रश्न. वृद्धाश्रमात सेवेला असलेल्या अनेकींच्या मनात तो असतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

घरी फारसा ताण नव्हता. म्हणून म्हटलं, इमारतीचा नकाशा काढा आणि कालची ड्यूटी त्यावर बोट फिरवून दाखवा.

बोट थांबेचना. चादरी, डायपर, हातमोजे तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये आणि अंथरुणाला खिळलेली माणसं वरच्या मजल्यावर. कुणाची चादर ओली झाली की खाली-वर. न्हाणीघराचं दार इतकं अरुंद की व्हीलचेअर आत जात नाही; काखेत हात घालून आजोबांना एकटीने उचलायचं. कंबर धरली ती त्यानेच. डबा जिन्याच्या पायरीवर बसून खायचा, तिथेही नातेवाईक गाठणार. त्यात सोलापूरचा मे महिना, वरच्या मजल्याचा स्लॅब रात्रीसुद्धा तापलेला. दार लावून दहा मिनिटं टेकावं अशी एकही जागा त्या नकाशात नव्हती. रडू आलं तर संडासात जायचं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार म्हणून नोंदलेला नाही. कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या सततच्या ताणातून येणारी अवस्था, असं त्याचं वर्णन आहे: गळून जाणं, कामावरून मन उडणं, हातून काही धड होत नाही असं वाटणं. ताईंना तिन्ही जाणवत होतं. अशा बाईला नुसता प्राणायाम शिकवून परत पाठवणं मला अन्यायाचं वाटतं.

नकाशा त्यांनी व्यवस्थापकांना दाखवला, सोबत दोन सहकारी होत्या. वरच्या मजल्यावर चादरींचं कपाट आलं. अडगळीची खोली रिकामी करून आतून कडी आणि कूलर बसवला. आंघोळीच्या वेळी आता दोघी असतात. न्हाणीघराचं दार मात्र अजून तसंच आहे. केंद्राच्या २०२१ च्या सुगम्यता (अपंगांनाही सहज वावरता येणं) मार्गदर्शक तत्त्वांत दाराला किमान ९०० मिलिमीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, पण भिंत फोडायला घरमालक तयार नाही.

चिडचिड पूर्ण गेली नाही, पण ताई स्वतःला दोष देत नाहीत. तुम्हालाही हाच प्रश्न छळत असेल, तर आधी कागदावर आपल्या ड्यूटीचा नकाशा काढा. व्यवस्थापनाकडे जाताना एकट्या जाऊ नका, दोघी-तिघी मिळून जा.