सर्टिफिकेट आहे, पण शो कुठंय?

प्रश्न : भाऊ, शुक्रवारी बर्डीला पिक्चरचं तिकीट काढलं होतं, पोचलो तर काउंटरवाला म्हणे शो कॅन्सल! आदल्या दिवशी काही पोट्टे आले, धर्माचा अपमान आहे म्हणून पोस्टर फाडून गेले, अन् मालकानं पिक्चरच काढून टाकला. सेन्सॉरनं पास केलेला पिक्चर असा कोणी बी बंद पाडू शकते का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : कायद्यानं नाही, भाऊ. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली एकदा सर्टिफिकेट मिळालं की तो पिक्चर देशभर दाखवता येतो. आरक्षणावरच्या एका तमिळ पिक्चरच्या केसमध्ये, एस. रंगराजन, 1989, सुप्रीम कोर्टानं सरळ सांगून टाकलं की लोक चिडतील, मोर्चे निघतील म्हणून पिक्चर दाबता येत नाही, बंदोबस्त ठेवणं सरकारचं काम आहे. धोका असलाच तर तो बारुदाजवळच्या ठिणगीसारखा अगदी जवळचा पाहिजे, उद्या काही होईल ही भीती चालत नाही. 2018 मध्ये ‘पद्मावत’वर राजस्थान, गुजरातनं बंदी घातली तेव्हा बी कोर्टानं बंदीला स्थगिती दिली, अन् 25 जानेवारीला पिक्चर रिलीज झाला.

पण तुमच्या केसमध्ये खरी गोम वेगळीच आहे. सरकारनं बंदी घातली तर निदान ऑर्डर असते, कागद असतो, तो घेऊन सिव्हिल लाइन्सला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जाता येते. इथं कागदच नाही! मालकानं काचा, खुर्च्या अन् शनिवार-रविवारचं कलेक्शन याचा हिशोब केला अन् गुपचूप दुसरा पिक्चर लावला, आता चॅलेंज कशाला करणार? मालकाला बी किती दोष द्यावा, फुटलेल्या काचेचे पैसे त्याला कोण देते. माझ्या मते आजकाल बोर्डाच्या कात्रीपेक्षा ही बिनकागदाची बंदी जास्त पिक्चर खाते, अन् तिची कुठं नोंदच होत नाही.

भावना दुखावल्या म्हणणाऱ्यालाही हक्क आहेत बरं का, त्यानं पिक्चर पाहू नये, बाहेर शांतपणे निषेध करावा, कोर्टात जावं. धर्माच्या अपमानाचं कलम (जुनं 295अ, आता न्याय संहितेत 299) बी आहे, पण त्यात मुद्दाम अन् दुष्ट हेतूनं केलेला अपमान लागतो, नुसतं मला खटकलं एवढ्यानं भागत नाही. पोस्टर फाडणं मात्र यातल्या कशातच बसत नाही.

टॉकीजवाल्याला विचारा, पोलिसांची लेखी ऑर्डर आहे का. नसेल तर तसं लेखी मागा, अन् तिकिटाचे पैसे तर घ्याच.

प्रश्न : आमच्या मंडळानं शॉर्टफिल्म बनवली, गणपतीत पडद्यावर दाखवायची आहे. सर्टिफिकेट लागते का?
– एक वाचक, महाल

उत्तर : लागते. चार लोकांत जाहीरपणे दाखवणार म्हणजे लागतेच, तिकीट लावा नाहीतर फुकट दाखवा. यूट्यूबवर टाकायला बोर्डाचं सर्टिफिकेट लागत नाही, पण धर्माच्या अपमानाचं वरचं कलम तिथं बी लागू आहे.