विंडोजमध्ये फाइल झटकन शोधायला कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?

डोळे झाकून ‘एव्हरीथिंग’ घ्या, फुकट आहे. सोलापुरात चादरींच्या कारखान्यात मी जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची, डिझाइनं सांभाळतो. हजारो बीएमपी चित्र-फाइली, नावंही एकसारखी. ‘मोर’ टाइप करेपर्यंत यादी हजर! कारण ते एकेक फोल्डर धुंडाळत नाही, एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल साठवण्याची पद्धत) डिस्कची मास्टर फाइल टेबल ही सगळ्या फाइलींची नोंदवहीच वाचून ठेवतं. देवनागरी नावंही सापडतात. फाइलच्या आतला मजकूर शोधायला मात्र ते संथ आहे.

मला खरं आवडतं ते त्याचं साधं रूप. वर एक चौकट, खाली दाट ओळींची यादी, बस्स. हल्लीच्या सॉफ्टवेअरांत मोकळ्या जागेपायी पडद्यावर मोजक्याच ओळी मावतात, आणि कामाच्या माणसाचा वेळ स्क्रोल करण्यात जातो. इथे तारखेच्या रकान्यावर क्लिक केलं की कालचं डिझाइन सगळ्यात वर.