आवडत्या फँटसीचा न आवडलेला दुसरा भाग पुन्हा वाचावा का?

जरूर वाचा, आणि तिसऱ्याच्या आधी वाचा. तुम्ही लिहिलंय की शाळेत असताना अर्सुला ले ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'नं तुम्हाला वेड लावलं, आणि मग 'द टूम्स ऑफ अटुआन' हातात घेतलं तर कितीतरी पानं पहिल्या भागाच्या नायकाचा, जादूगार गेडचा पत्ताच नाही. समुद्र नाही, ड्रॅगन नाही, नुसती थडगी, पुजारणी आणि अंधार. तेव्हा कसंबसं संपवलेलं ते पुस्तक पुन्हा वाचून काही हाती लागेल का, की थेट तिसरा भाग घ्यावा, असा तुमचा प्रश्न आहे.

तक्रार खरी आहे. बारांपैकी पाचव्या प्रकरणापर्यंत गेड येत नाही, आणि येतो तोही चोर म्हणून. पहिल्या वाचनात आपण त्याची वाट बघत असतो, त्यामुळे आधीची प्रकरणं स्टेशनाबाहेर सिग्नलला थांबलेल्या गाडीसारखी वाटतात. दुसऱ्या वेळी तो कधी येणार हे माहीत असतं. वाट बघणं संपलं की मग दिसतं, 1971 साली आलेलं हे पुस्तक गेडचं नाहीच. ते टेनारचं आहे.

सुरुवात नीट बघा. संध्याकाळ होत आलीय, फुलायला आलेल्या सफरचंदांच्या झाडांमधून एक पोर, टेनार, पळतेय आणि आई तिला नावानं हाक मारून घरी बोलावतेय. बाप बायकोला म्हणतो, तिच्यात जीव अडकवू नकोस, ते लोक तिला न्यायला येणार आहेत. आधीची पुजारीण मेली त्या रात्री जन्मलेली मुलगी म्हणजे तीच पुन्हा जन्माला आली, अशी तिथली श्रद्धा. त्या पोरीला थडग्यांच्या जागी नेतात, विधी करून तिचं नाव काढून घेतात आणि आर्हा म्हणू लागतात. तू कायम हीच होतीस, तुला दुसरं नाव नव्हतंच, असं तिला शिकवतात. काही वर्षांत ती स्वतःचं नाव विसरते. आपण मात्र पहिल्याच पानावर ते ऐकलेलं असतं. पहिल्या वाचनात ती हाक मी सहज ओलांडून गेले होते. दुसऱ्या वाचनात ती पुस्तकभर ऐकू येत राहिली.

मी बडोद्याची. रावपुऱ्यातला टॉवर आमच्याकडे पत्ता सांगताना रोज तोंडात येतो. तो पहिल्या चिमणाबाई महाराणींच्या स्मरणार्थ 1896 मध्ये बांधलेला. त्या तंजावरच्या मोहित्यांच्या लक्ष्मीबाई, लग्नानंतर चिमणाबाई झाल्या. 1885 मध्ये त्या गेल्या आणि त्याच वर्षी सयाजीराव महाराजांचं दुसरं लग्न झालं, देवासच्या घाटग्यांच्या गजराबाईंशी. त्यांचंही नाव चिमणाबाईच ठेवलं. या दुसऱ्या चिमणाबाई पुढे 1927 साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. फार मोठ्या बाई. पण गेलेल्या राणीचं नाव चौदा वर्षांच्या नव्या राणीला देऊन टाकणं म्हणजे काय असेल, हा विचार मी अटुआनच्या त्या विधीपाशी थांबले तेव्हा केला.

इतकं लांबही जायला नको. माझी आजी ग्वाल्हेरची, लग्न होऊन बडोद्याच्या दांडिया बाजारात आली. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि तेच तिचं नाव झालं. तिचे भाऊ ग्वाल्हेरहून आले की जुन्या नावानं हाक मारायचे, आणि आजी ओ द्यायची तो आवाज एरवी कधी ऐकू यायचा नाही. थडग्यांखालच्या भूलभुलैयात कोंडलेला, तहानेनं अर्धमेला झालेला गेड जेव्हा आर्हाला 'टेनार' म्हणतो, तेव्हा मला तो आवाज आठवला. त्याच्यापाशी जादू आहे, पण तिथल्या अंधारात ती जेमतेम त्याला जिवंत ठेवते. तो तिला देऊ शकतो ते फक्त तिचं नाव. याच्या पुढच्या प्रकरणाला लेखिकेनं शीर्षकही 'नेम्स' असंच दिलंय.

आता तुम्हाला कंटाळवाणा वाटलेला भाग. त्यात तीन कैद्यांचा प्रसंग आहे. आर्हा जेमतेम वयात आलेली मुलगी, आणि त्यांना अन्नपाण्यावाचून मरू द्यायचा हुकूम तिच्याच तोंडून जातो. नंतर ती आजारी पडते, तिला भयंकर स्वप्नं पडतात. टेनार नुसती बिचारी नाही. सत्ता तिलाही आवडते, आणि ती क्रूर होऊ शकते. ले ग्विन तिला यातून सूट देत नाही. मग पेन्थे ही गोलमटोल, हसरी मैत्रीण आहे. देव म्हणून पुजल्या जाणाऱ्या तिथल्या राजाला, देवराजाला, ती देवबिव काही मानत नाही आणि तसं सरळ बोलून दाखवते. आर्हाच्या पायाखालची जमीन हलते ती तिथे, गेड यायच्या आधी. हे ज्याच्या नजरेतून सुटलं त्याला पुढचं सगळं गेडची करामत वाटणार.

आणि तो उजेड! थडग्यांखालच्या भुयारात दिवा न्यायला बंदी आहे. टेनारला तिथला प्रत्येक वळसा हाताच्या स्पर्शानं आणि मोजणीनं पाठ असतो. एक दिवस परक्या माणसाच्या काठीच्या टोकाला उजेड दिसतो आणि त्यात सगळी गुहा स्फटिकांनी लखलखते. आपलंच राज्य ती पहिल्यांदा डोळ्यांनी बघते, तेही चोरामुळे. आधीची अंधारी पानं घाईनं उरकली असतील तर या क्षणाला काहीच वजन येत नाही.

शेवटची दोन प्रकरणं तर शाळकरी वयात कळणं कठीणच. सुटका झाली, आता आनंदीआनंद, असं होत नाही. टेनार रडते, वाया गेलेल्या वर्षांसाठी. किनाऱ्यावर गेड शांत बसलेला असताना ती त्याला मारायला सुरा घेऊन उभी राहते. मोकळं होणं किती जड असतं हे किशोरांसाठीच्या पुस्तकात इतक्या खरेपणानं लिहिलेलं मी दुसरीकडे फारसं वाचलेलं नाही.

वाचायला घ्याल तेव्हा पहिला भाग पुन्हा अख्खा वाचायची गरज नाही. त्यातलं एकच ठिकाण बघा: ओसाड वाळूच्या बेटावरचे म्हातारा-म्हातारी. म्हातारी गेडला मोडक्या कड्याचा तुकडा देते, आणि जपून ठेवलेला लहान मुलीचा रेशमी झगा दाखवते. तीही लहानपणीच उचलून टाकून दिलेली मुलगी, आणि दुसऱ्या भागात ज्या कड्याचा उरलेला तुकडा चोरायला गेड थडग्यांत येतो, ते तिच्याच तुकड्यानं पुरं होतं.

तिसरा भाग 'द फार्देस्ट शोर' 1972 चा. त्यात टेनार नाही, पण गेड काय गमावतो ते तिथेच कळतं, म्हणून तो टाळू नका. त्यानंतर मात्र 'तेहानू' घ्याच. ते अठरा वर्षांनी, 1990 मध्ये आलं. टेनार त्यात मध्यमवयीन विधवा आहे, शेत सांभाळते, आणि गावातले लोक तिला नवऱ्याच्या घरच्या नावानं, गोहा म्हणून ओळखतात.