एअर रायफलवरची दुर्बीण रिंगांमधून सरकत असेल तर

स्प्रिंगच्या एअर रायफलवर दुर्बीण दर वीस-पंचवीस छऱ्यांनी मागे सरकते, स्क्रू कितीही आवळले तरी, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून आणखी आवळू नका, दुर्बिणीची नळी चेपेल.

ही रायफल आधी मागे धक्का देते आणि पिस्टन आपटला की पुढे झटका मारते. दुर्बीण मागे येते ती या पुढच्या झटक्यामुळे: रायफल पुढे जाते, दुर्बीण मागे राहते.

आधी नक्की काय सरकतंय ते बघा. रिंगेलगत (दुर्बिणीची नळी धरणारं कडं) नळीवर आणि माउंटलगत (रिंगांसकट रायफलवर बसणारी पकड) रेलवर, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या रायफलच्या खाचेवर, पेन्सिलीने बारीक रेघ मारा, दहा छरे झाडा. अख्खं माउंटच सरकत असेल तर स्टॉप पिनवालं (सरकणं अडवणारी छोटी खुंटी असलेलं) माउंट घ्या. पिन रेलवरच्या भोकात बसली पाहिजे. नळी सरकत असेल तर बहुतेक वेळा दोष तेलाचा. रिंगांची आतली बाजू आणि नळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फडक्यावर काळसर डाग उमटायचा थांबेपर्यंत. मग स्क्रू कर्णरेषेत, पाव-पाव फेरा आवळा. रिंगेच्या वरच्या-खालच्या भागांमधली फट दोन्ही बाजूंना सारखी हवी. साधारण २ न्यूटन-मीटर पुरतं, पण कंपनीने आकडा दिला असेल तर तोच पाळा.