शेवटच्या दिवसांतली सेवा पारखायची कशी?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचे वय 74 असून त्यांना तोंडाचा कर्करोग आहे. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झाल्यावर आठ महिन्यांत आजार उलटला. आता केमोथेरपीने त्रासच वाढेल, त्यापेक्षा हॉस्पिसचा, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात शेवटच्या काळात त्रास कमी ठेवणाऱ्या सेवेचा, विचार करा, असे डॉक्टरांनी सुचवले आहे. मी व माझे यजमान दोन केंद्रे पाहून आलो आणि घरी माणसे पाठवणाऱ्या एका एजन्सीशीही बोललो. तिघांच्याही माहितीपत्रकांत ‘आपुलकी’, ‘सन्मान’ आणि ‘24 तास सेवा’ हेच शब्द आहेत. निवड करायची कशावरून? शिवाय सासूबाईंना वाटते, की तिकडे नेले म्हणजे आपण त्यांना टाकले. (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : माहितीपत्रके बाजूला ठेवून दोन्ही केंद्रांत पुन्हा एकदा जा, आणि या वेळी स्वागतकक्षातल्या व्यवस्थापकाऐवजी वॉर्डातल्या सिस्टरला एकच प्रश्न विचारा : “रात्री तीन वाजता पेशंटला असह्य दुखायला लागले, तर तुम्ही काय करता?” ज्या ठिकाणी सेवा चांगली असते, तिथली सिस्टर या प्रश्नाला अडखळत नाही. जादा मात्रा किती द्यायची हे डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलेले असते, औषध त्याच मजल्यावरच्या कुलूपबंद कपाटात असते, आणि ती मात्रा देऊन तासाभराने दुखणे उतरले का हे पाहून तशी नोंद करायची, हा तिचा रोजचा पाठ असतो. “सकाळी डॉक्टर आले की सांगतो” किंवा “तशी वेळ आली तर इंजेक्शनसाठी शेजारच्या हॉस्पिटलात पाठवतो” असे उत्तर मिळाले, तर इमारत कितीही देखणी असली तरी मी माझा माणूस तिथे ठेवणार नाही.

या प्रश्नाच्या पोटात मॉर्फीनचा प्रश्न आहे. कर्करोगाच्या तीव्र दुखण्यावर तोंडाने घ्यायचे मॉर्फीन हे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतले साधे आणि स्वस्त औषध आहे. परंतु 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानंतर त्याच्या परवान्यांचा गुंता इतका वाढला, की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. 2014 च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या औषध नियंत्रकांकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून एकदा मान्यता मिळाली, की संस्थेला मॉर्फीन ठेवता आणि देता येते. तेव्हा ही मान्यता आहे का, हे स्पष्ट विचारा. त्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही. साधी मॉर्फीनची गोळी दर चार तासांनी द्यावी लागते, आणि झोपमोड होऊ नये म्हणून रात्री झोपताना बहुधा दुप्पट मात्रा देतात. पहिल्या दिवसापासून सोबत रेचक द्यावेच लागते, कारण या औषधाने बद्धकोष्ठ होतो आणि तो आपोआप बरा होत नाही. ‘दुखले तर द्या’ एवढेच लिहिलेला कागद तुम्हाला दिसला, किंवा मॉर्फीन सुरू असून रेचकाचा पत्ता नाही असे आढळले, तर लिहिणाऱ्याला या कामाची सवय नाही, असे समजावे. “मॉर्फीन दिले की माणूस लवकर जातो,” असे एखाद्या केंद्रातलाच कर्मचारी सांगू लागला, तर तिथून उठावे, हे उत्तम. योग्य मात्रेत आणि हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फीनने आयुष्य कमी होत नाही. दुखणे मात्र थांबते आणि माणसाला झोप लागते.

तुमच्या सासऱ्यांचा आजार तोंडाचा असल्याने आणखी काही गोष्टी त्यांच्यापुरत्या विचारायला हव्यात. जबडा उघडेनासा झाल्यावर गोळी गिळता येणार नाही. अशा वेळी साधी गोळी कुटून नाकातल्या नळीतून देता येते; मात्र सावकाश विरघळणारी, बारा तासांची गोळी कुटायची नसते, कारण सगळे औषध एकदम अंगात जाते. हा फरक वॉर्डातल्या माणसांना ठाऊक आहे का, ते पाहा. त्वचेवर लावायची फेंटानिल या वेदनाशामक औषधाची पट्टी हा दुसरा मार्ग आहे. ती सहसा तीन दिवसांनी बदलतात, पण परिणाम दिसायला अर्धा-एक दिवस जातो, म्हणून तेवढा वेळ आधीचे औषध चालू ठेवावे लागते. गालाची जखम बाहेर फुटली तर दुर्गंधी येते, आणि माझ्या अनुभवात वेदनेइतकीच ही दुर्गंधी माणसाला एकटे पाडते, कारण नातवंडे खोलीच्या दारातूनच परत फिरतात. मेट्रोनिडॅझोल या जंतुनाशक औषधाची गोळी बारीक कुटून ती भुकटी ड्रेसिंगच्या वेळी जखमेवर टाकली, तर दोन-तीन दिवसांत वास बराच कमी होतो. काही रुपयांचा हा उपाय ज्या केंद्रात रोज होतो, त्या वॉर्डात शिरताच तुम्हाला कळेल. जिथे होत नाही, तिथे उदबत्ती आणि रूम फ्रेशनरचा वास येईल. जखमेतून एकाएकी रक्त जाऊ लागण्याचा धोकाही या आजारात असतो. जाणती सिस्टर अशा रुग्णाच्या खाटेजवळ गडद रंगाचे टॉवेल घडी करून ठेवते, कारण पांढऱ्या कापडावर दिसणारे रक्त रुग्णाला आणि घरच्यांना फार घाबरवते. टॉवेल दिसले नाहीत, तर का नाहीत हे विचारा आणि उत्तर ऐका.

दिखाव्याविषयी एक आठवण सांगते. काही वर्षांपूर्वी एका नातेवाईक बाईंसाठी मी एक खाजगी केंद्र पाहायला गेले होते. खाली काचेचा दरवाजा, माशांची टाकी, मंद संगीत, असा सगळा थाट होता. वर गेल्यावर पहिल्याच खोलीत एका आजोबांचे ओठ कोरडे पडून फुटलेले दिसले. बोलावण्याच्या घंटेची वायर पायात येऊ नये म्हणून खिडकीच्या गजाला गुंडाळून ठेवली होती, म्हणजे आजोबांचा हात तिथवर पोहोचणे शक्यच नव्हते. त्याच आठवड्यात पाहिलेल्या दुसऱ्या जागी भिंतींना पोपडे आले होते, पण एक तरुण सिस्टर ओल्या गॉजने एका बेशुद्ध आजींचे तोंड आतून पुसत होती आणि “आता डावीकडे वळवते हं, आजी,” असे त्यांना ऐकू येत असल्यासारखे सांगत होती. खाटेला अडकवलेल्या फाइलमध्ये दर चार तासांनी शून्य ते दहा या मोजपट्टीवर दुखण्याचा आकडा लिहिलेला होता, आणि जिथे सात होता त्याच्या पुढे काय दिले आणि तासाभराने आकडा किती झाला, हेही होते. आम्ही बाईंना तिथे ठेवले. तुम्हीही ओठ, टाचा, नखे आणि घंटा एवढ्या चार गोष्टी पाहा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, आणि ती बदलली जाते की नाही हे टाचा आणि माकडहाडावरच्या जखमा सांगतात.

पैशांवरून प्रतीचा अंदाज बांधू नका, हे मुद्दाम सांगायचे कारण असे, की या कामात महाग म्हणजे चांगले हा हिशेब चालत नाही. आजच्या अर्थाचे पहिले हॉस्पिस डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये उघडले. वेदना फक्त शरीराची नसते. तिच्यात मनाची, घरच्या चिंतांची आणि श्रद्धेचीही वेदना मिसळलेली असते, हा त्यांचा विचार होता. भारतातले पहिले हॉस्पिस म्हणजे मुंबईत वांद्र्याला 1986 साली सुरू झालेले शांती आवेदना सदन. त्याची शाखा गोव्यात लोटली येथेही आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचे केंद्र 1997 पासून चालू आहे. या दोन्ही संस्था रुग्णांकडून शुल्क घेत नाहीत, आणि दोन्हींकडे जागेसाठी आधी चौकशी करावी लागते. तुम्ही पाहिलेल्या केंद्रांची तुलना पाहिजे तर अशा एखाद्या जुन्या जागेशी करा.

एजन्सीबाबत मात्र अधिक सावध राहा. ‘नर्स पाठवतो’ असे सांगून बहुतेक ब्यूरो आठवडाभराचे प्रशिक्षण घेतलेली मावशी किंवा मामा पाठवतात. ती माणसे पुष्कळदा मनापासून सेवा करतात, पण जखमेचे ड्रेसिंग किंवा मॉर्फीनची मात्रा हे त्यांचे काम नव्हे. येणारी व्यक्ती एएनएम किंवा जीएनएम, म्हणजे परिचर्येचा रीतसर अभ्यासक्रम पूर्ण केलेली, आहे का, तिची महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी आहे का, तिच्यावर देखरेख करणारे डॉक्टर कोण आणि ते घरी येतात का, हे लेखी घ्या. आणखी एक प्रश्न कोणालाच विचारावासा वाटत नाही, म्हणून मी सांगते : सासऱ्यांचे घरीच निधन झाले, तर त्या वेळी येऊन मृत्यूच्या कारणाचा दाखला, म्हणजे नमुना 4-अ, कोण भरून देणार? हे ठरलेले नसेल, तर मध्यरात्री ओळखीच्या डॉक्टरांना फोन करत बसावे लागते, आणि आदल्या दिवशीपर्यंत ‘24 तास’ असलेली एजन्सी फोन उचलेलच असे नाही.

श्वास लागला किंवा शुद्ध हरपली तर रुग्णाला आयसीयूत हलवण्याची पद्धत आहे का, हेही आधीच बोलून घ्या. सासरे शुद्धीवर आहेत तोवर त्यांची इच्छा त्यांनाच विचारा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली मान्य केलेले आणि जानेवारी 2023 मध्ये सोपे केलेले वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे बरे होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, आता दोन साक्षीदारांसमोर, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येते. ज्या केंद्रातले डॉक्टर हा विषय स्वतःहून काढतात, त्यांच्याबद्दल माझे मत आपोआप चांगले होते.

आता सासूबाईंविषयी. हॉस्पिसमध्ये गेलेला माणूस परत येत नाही, ही समजूत खरी नाही. दुखणे, उलट्या किंवा जखम आटोक्यात आणण्यासाठी आठ-पंधरा दिवस ठेवून पुन्हा घरी पाठवणे, हे चांगल्या केंद्रांचे नेहमीचे काम आहे. काही केंद्रांत घरचे एक माणूस रुग्णासोबत राहू शकते. तिथे सासूबाईंनाच सोबत नेता येईल का, ते विचारा. नळीतून पेज कशी द्यायची, कूस कशी बदलायची हे त्यांना हातात हात धरून शिकवणारे केंद्र मिळाले, तर ‘टाकले’ हा शब्द त्या स्वतःच वापरणार नाहीत.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. मेडिकेअर (वृद्धांसाठीचा अमेरिकी सरकारी आरोग्यविमा) असलेल्या माझ्या आईला येथील रुग्णालयाने हॉस्पिसची तीन नावे दिली असून उद्यापर्यंत निवड करायला सांगितले आहे. आई मराठीशिवाय फारसे बोलत नाही. काय पाहावे? (एक वाचक, एडिसन)

उत्तर : अमेरिकेत हॉस्पिस म्हणजे इमारत नव्हे, तर बहुधा घरीच पुरवली जाणारी सेवा, हे आपल्याला ठाऊक असेलच. आजार नेहमीच्या गतीने वाढला तर सहा महिन्यांहून अधिक आयुष्य नाही, असे सुरुवातीला दोन डॉक्टरांनी लिहून दिले की मेडिकेअर खर्च उचलते. तेथील बहुतांश हॉस्पिस नफ्यासाठी चालतात, म्हणून गोड बोलण्यावर जाऊ नका. मेडिकेअरच्या ‘केअर कम्पेअर’ या संकेतस्थळावर तिन्ही नावे शोधा आणि दोन गोष्टी पाहा : रुग्ण गेल्यानंतर कुटुंबीयांनी दिलेला अभिप्राय, आणि शेवटच्या तीन दिवसांत नर्स किंवा सोशल वर्कर किती रुग्णांकडे प्रत्यक्ष येऊन गेले, याचे प्रमाण. दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण खरी धांदल त्याच तीन दिवसांत उडते आणि फोनवरच्या सल्ल्याने तेव्हा भागत नाही.

त्यानंतर तिघांनाही रात्री दहानंतर फोन करा. कोण उचलतो, नर्सशी बोलायला किती वेळ लागतो आणि मराठी दुभाषा फोनवर मिळतो का, हे तिथल्या तिथे कळेल. दुभाष्याचे काम आपण स्वतः करू नका. “किती दुखते” हे आई मुलाला कधीच खरे सांगत नाही. निवड चुकली असे वाटले, तर प्रत्येक लाभ-कालावधीत (मेडिकेअर ज्या ठरावीक मुदतीसाठी हॉस्पिस मंजूर करते त्या मुदतीत) एकदा हॉस्पिस बदलता येते, आणि ही सेवा केव्हाही सोडता येते. म्हणून उद्याच्या सहीचे फार दडपण घेऊ नका.

प्रश्न : आमच्या तालुक्यात हॉस्पिस नाही. निवडीचा प्रश्नच येत नाही. मग काय करावे? (एक वाचक, संगमेश्वर)

उत्तर : जिल्हा रुग्णालयात उपशामक सेवेचा, म्हणजे आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी करणाऱ्या सेवेचा, कक्ष किंवा त्यासाठी नेमलेले डॉक्टर आहेत का, याची चौकशी करा, कारण या सेवेसाठी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम 2012 पासून आहे. गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या कामांतही वृद्धांची आणि उपशामक सेवा येते, तेव्हा घरी येऊन ड्रेसिंग शिकवण्याची विनंती त्यांना करायला हरकत नाही. जेथे मूळ उपचार झाले, त्या कर्करोग रुग्णालयातून मॉर्फीन लिहून घ्या आणि पुढची फेरी कधी व कोणी मारायची, हे गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच ठरवा, कारण पावसाळ्यात घाट बंद पडला तर औषधाविना दोन दिवस काढणे रुग्णाला सोसवणार नाही.